वाळूची पोती तडा दाखवत नाहीत

प्रति,
यात्रा, जत्रा, उरूस, फेस्त आणि मनोरंजन पार्क यांतल्या पाळण्यांना परवानगी देणारे सर्व अधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस, पालिका, ग्रामपंचायत आणि सार्वजनिक बांधकाम खाते

विषय : रोलर कोस्टर व इतर पाळण्यांच्या लोखंडी सांगाड्याची तपासणी

महोदय / महोदया,

अमेरिकेत नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवर कॅरोविंड्स नावाचे पार्क आहे. तिथले ‘फ्युरी ३२५’ हे रोलर कोस्टर २०१५ मध्ये सुरू झाले. उंची ३२५ फूट, वेग ताशी सुमारे १५३ किलोमीटर. ३० जून २०२३ रोजी खाली उभ्या असलेल्या एका पाहुण्याला दिसले, की वळणावरून गाडी गेली की एका खांबाचे डोके बाजूला सरकते आणि मागे येते. खांब वरच्या टोकाजवळ आरपार तुटला होता आणि गाड्या माणसे घेऊन फिरतच होत्या. त्याने चित्रण केले, पार्कला कळवले, मग कोस्टर थांबले. त्या आधीच्या दिवसांतले फोटो लोकांनी नंतर शोधून काढले, तर त्यांतही तडा दिसत होता. कोणाला इजा झाली नाही. खांब बदलून, पाचशे रिकाम्या फेऱ्या मारून १० ऑगस्टला कोस्टर पुन्हा सुरू झाले.

या प्रकरणात सरकारी तपासणी झालेली होती. दाखला खोटा नव्हता, पार्क बड्या कंपनीचे होते, कोस्टरचा आराखडा नामांकित स्विस कारखान्याचा होता. त्याच कारखान्याचे एक कोस्टर आपल्या खोपोलीजवळही आहे. त्यात काही दोष आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण कारखाना चांगला आणि कागद पूर्ण एवढ्यावर विसंबता येत नाही, हे कॅरोविंड्सने दाखवले. आपल्याकडे अपघात झाला की पहिला प्रश्न असतो, परवाना होता का? परवाना देताना नेमके काय पाहिले, हे विचारायला कोणी धजत नाही. हे पत्र त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. आम्ही धातूच्या सांध्यांची तपासणी करणारे लोक आहोत आणि तपासणीच्या नावाखाली जे चालते त्यातले बरेचसे चुकीच्या जागी पाहते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आधी लोखंड का तुटते ते पाहू. एका दमात जास्त वजन आले म्हणून पाळणा क्वचितच मोडतो. तो मोडतो थकव्याने. सोसवेल इतकाच भार, पण लाखो वेळा आला-गेला, की वेल्डिंगच्या कडेला, जिथे टाका मूळ पत्र्याला मिळतो तिथे, केसासारखा तडा सुरू होतो. दोन मिनिटांना एक गाडी, दिवसाचे दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस असा हिशेब धरला तर एका खांबावरून वर्षाला ९०,००० फेऱ्या होतात, आठ वर्षांत सात लाखांच्या वर. जत्रेतल्या कोलंबसचा, म्हणजे जहाजाच्या आकाराच्या मोठ्या झोक्याचा, हिशेब याहून बोलका आहे. झोका सहा सेकंदांत जाऊन परत येतो, म्हणजे तळातून दोनदा जातो. तीन मिनिटांच्या एका खेळात साठ वेळा. तासाला बारा खेळ, दिवसाला सहा तास, पंधरा दिवसांची जत्रा : ६४,८०० वेळा. आणि हा पाळणा वर्षभर गावोगाव फिरतो.

यात एक कठोर नियम आहे. वेल्ड केलेल्या सांध्यावरचा ताण जितका चढतो-उतरतो, त्याच्या तिसऱ्या घाताने आयुष्य घटते. ताण दुप्पट झाला तर आयुष्य एक अष्टमांश. नुसता दहा टक्के वाढला तरी आयुष्य जवळजवळ एक चतुर्थांश कमी. म्हणून आठ माणसांच्या पाटीवर दहा बसवणे, वेग ‘थोडासा’ वाढवणे, एक खांब किंचित खचू देणे या बारीकसारीक गोष्टी नाहीत. आणखी एक गैरसमज आम्ही वारंवार ऐकतो : ‘साहेब, भारी पोलाद वापरलंय.’ वेल्डच्या कडेला पोलाद भारी असल्याचा थकव्याच्या बाबतीत उपयोग जवळजवळ शून्य. तिथे आयुष्य ठरते ते टाक्याच्या आकारावरून.

आता वाळूच्या पोत्यांकडे येऊ. परवानगीच्या आधी पाळण्यात माणसांच्या वजनाइतकी पोती भरायची, दहा-वीस फेऱ्या मारायच्या, काही मोडले नाही की ‘चाचणी समाधानकारक’ लिहायचे. ही चाचणी निरुपयोगी नाही. मोटर ओढते का, ब्रेक धरतो का, माणसांना धरून ठेवणारी दाबदांडी बसते का, हे त्यातून कळते. पण तड्याबद्दल ती काहीही सांगत नाही. तडा ठरावीक लांबीला पोचेपर्यंत भागाची ताकद फारशी कमी होत नाही. तो भाग पोती आरामात पेलतो आणि नंतर एका संध्याकाळी, त्याच वजनाला, तुटतो. पोती ठेवून पाळणा नुसता उभा ठेवला असेल तर बोलायलाच नको. साठ अंशांवरून सुटलेला झोका तळाशी येतो तेव्हा लोंबत्या दांड्यावर वजनाच्या दुप्पट ओढ असते, नव्वद अंशांवरून आला तर तिप्पट. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ असाच एक झोका दांड्यातून मोडून माणसांसकट खाली आला आणि माणसे दगावली.

मग पाहायचे कुठे? पाळण्यात हजारो सांधे असतात, सगळे पाहणे कोणाला जमत नाही आणि पाहू पण नयेत. उत्पादकाच्या पुस्तिकेत कळीच्या भागांची यादी असते. कोणता वेल्ड, कोणता धुरा, कोणती पिन, किती तासांनी, कोणत्या पद्धतीने पाहायची हे त्यात लिहिलेले असते. जुन्या किंवा गावठी बनावटीच्या पाळण्याला पुस्तिका नसते. अशा वेळी जाणत्या अभियंत्याने आराखड्यावरून ती यादी बनवली पाहिजे. यादीच नसेल तर पुढचे सगळे वरवरचे. ढोबळ मानाने आम्ही आधी पाहतो ते असे : खांबाचे डोके आणि पाया जिथे फ्लँजला (बोल्टांनी जोडायच्या चपट्या कडेला) वेल्ड केलेत ते, लोंबत्या दांड्याचे वरचे टोक, पाटी किंवा गोंडोला टांगणारा हात, चाकांचे धुरे जिथे जाडी बदलते ती खाच, आणि जिथे कधी तरी दुरुस्ती झाली आहे अशी प्रत्येक जागा.

या शेवटच्या जागेवर दोन वाक्ये जास्त लिहितो. तडा दिसला की त्यावर पट्टी मारून वेल्ड करायची पद्धत आहे. याने तडा झाकला जातो, थांबत नाही. उलट पट्टीच्या टोकाशी नवा कमकुवत सांधा तयार होतो. बरोबर रीत अशी, की तडा ग्राइंडरने पूर्ण काढायचा, निघाला याची खात्री रंगाच्या चाचणीने करायची, मग ठरलेल्या पद्धतीने, परीक्षा दिलेल्या वेल्डरकडून, ७०१८ जातीच्या, भट्टीत सुकवून गरम ठेवलेल्या वेल्डिंगच्या कांडीने भरायचे आणि पुन्हा तपासायचे. दुकानातून सुटी आणलेली, पावसात ओलावलेली ६०१३ ची कांडी गेटच्या बिजागरीला ठीक, माणसे टांगणाऱ्या दांड्याला नाही. फाइलमध्ये दुरुस्तीचा एकही कागद नसेल आणि दांड्यावर ताजी पट्टी दिसत असेल, तर परवाना तिथेच थांबायला हवा.

तपासणीची साधने महाग किंवा दुर्मीळ नाहीत. पुणे, ठाणे, नाशिकच्या कारखान्यांत ती रोज वापरली जातात. नुसत्या नजरेच्या तपासणीलाही नियम आहेत : सांध्यावर निदान ३५० लक्स उजेड, शक्यतो ५००, डोळा ६०० मिलिमीटरच्या आत, आणि पृष्ठभागाशी नजरेचा कोन ३० अंशांपेक्षा कमी नाही. चाळीस फूट खाली उभे राहून मान वर करून ‘पाहिले’ म्हणणे ही तपासणी नाही. शिडी, क्रेनची बादली किंवा ड्रोन लागतोच. रंगाच्या चाचणीला, म्हणजे डीपी टेस्टला, तीन डबे लागतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी सुमारे २५ मिलिमीटर रंग खरवडून धातू उघडा करायचा, साफ करायचा, लाल द्रव मारून किमान दहा मिनिटे थांबायचे, कापडाने पुसायचे (क्लीनर थेट सांध्यावर फवारायचा नाही, तो तड्यातला रंगही धुऊन नेतो), मग पांढरा डेव्हलपर पातळ मारून पुन्हा दहा मिनिटे वाट पाहायची. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. रंगावरच डीपी केल्याचे अहवाल आमच्या नजरेस येतात. तो अहवाल फाडून टाकण्याच्या लायकीचा.

चुंबकीय चाचणी, म्हणजे सांधा चुंबकित करून त्यावर लोखंडाची भुकटी टाकायची आणि ती तड्यावर गोळा होते का ते पाहायचे, जास्त झटपट होते. रंगाचा थर ५० मायक्रॉनपर्यंत असेल तर तो काढावाही लागत नाही. यात दोन गोष्टी तुम्ही उभ्या जागी तपासू शकता. एसी योकने (हातात धरायच्या विद्युतचुंबकाने) ४.५ किलोचा लोखंडी ठोकळा उचलला पाहिजे, आणि योक प्रत्येक जागी एकमेकांना काटकोनात दोनदा लावला पाहिजे, कारण चुंबकीय रेषेला समांतर पडलेला तडा दिसत नाही.

यापुढचे प्रकरण आम्हाला सगळ्यांत जास्त काळजीचे वाटते, कारण कोकण आणि गोव्यात ते घडायला सगळी परिस्थिती तयार आहे. २६ जुलै २०१७ रोजी ओहायो राज्याच्या जत्रेत ‘फायर बॉल’ नावाच्या पाळण्याचा एक हात चालत्या खेळात तुटला. एक तरुण गेला, सात जण जखमी झाले. पाळणा अठरा-एकोणीस वर्षांचा होता, जत्रेचा पहिलाच दिवस होता आणि सरकारी निरीक्षकांनी तो पास केलेला होता. डच उत्पादकाने नंतर कारण सांगितले : पोकळ तुळईच्या आतून गंज चढून भिंत पातळ होत गेली होती. बाहेरून रंग चकचकीत. ओहायोने २०१९ मध्ये कायदा बदलून गंज आणि थकव्याच्या तपासणीचे नियम कडक केले.

पोकळ पाइपात पाणी शिरते ते बोल्टच्या भोकातून, अर्धवट वेल्डमधून, झाकण नसलेल्या टोकातून. बाहेर पडायला तळाला भोक नसेल तर ते तिथेच राहते. चार महिने शेडशिवाय पडून राहिलेला पाळणा, वर समुद्राची खारी हवा, आणि फेस्ताच्या किंवा जत्रेच्या तोंडावर मारलेला नवा रंग : बाहेरून काय कळणार? इथे अल्ट्रासॉनिक जाडीमापक, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजणारे यंत्र, लागतो, आणि त्यातली एक खोच ठाऊक हवी. ध्वनी रंगातून पोलादाच्या मानाने बराच हळू जातो, त्यामुळे साधे यंत्र रंगाची जाडी सुमारे अडीचपट करून पोलादात मिळवते. दरवर्षी रंगवलेल्या पाइपावर ०.४ मिलिमीटर रंग साचला असेल तर यंत्र भिंत आहे त्याहून जवळपास १ मिलिमीटरने जास्त जाड दाखवते. ५ मिलिमीटरचा पाइप गंजून ४ झाला, तरी पडद्यावर ५ उमटणार. म्हणजे रंग जितका जास्त, तितका पाइप ‘चांगला’. यावर उपाय सोपा : रंग काढून मोजा, किंवा प्रतिध्वनी ते प्रतिध्वनी मोजणारे, म्हणजे रंग वगळून फक्त पोलाद मोजणारे, यंत्र वापरा, आणि अहवालात कोणत्या पद्धतीने मोजले ते लिहायला लावा. घेराच्या चार बाजूंना मोजा, आणि पाणी साचेल त्या सर्वांत खालच्या भागात दाट मोजा. उत्पादकाची मर्यादा उपलब्ध नसेल तर दहा टक्के जाडी गेली की पाळणा थांबवून अभियंत्याचा हिशेब मागावा, असे आमचे मत आहे.

धुऱ्यांचे उदाहरण जपानमधले. ओसाकाच्या एक्स्पोलँड पार्कमध्ये ५ मे २००७ रोजी उभ्याने प्रवास करायच्या कोस्टरचा सुमारे ५ सेंटीमीटर जाडीचा धुरा थकव्याने तुटला. एक तरुणी ठार, १९ जखमी. १९९२ मध्ये कोस्टर सुरू झाले तेव्हापासून तो धुरा बदललेला नव्हता आणि त्या वर्षीची धुऱ्यांची सखोल तपासणी सुट्ट्यांच्या गर्दीनंतर करू म्हणून पुढे ढकलली होती. तपासणी मोसमाच्या शेवटी नव्हे, आधी हवी, याला याहून मोठा पुरावा कशाला? धुऱ्याचा तडा बेअरिंगच्या आत लपतो. बेअरिंग काढून चुंबकीय चाचणी करणे उत्तम, निदान टोकाकडून अल्ट्रासॉनिक.

बोल्टांबद्दल थोडक्यात. एम २४ मापाचा १०.९ श्रेणीचा बोल्ट नीट आवळला की तो सांध्याला सुमारे २४७ किलोन्यूटनने, म्हणजे जवळजवळ पंचवीस टनांच्या जोराने धरून ठेवतो. तो जोर आहे तोवर येणाऱ्या-जाणाऱ्या भाराचा थोडासाच वाटा बोल्टला जाणवतो. ढिला झाला की सगळा भार त्याच्यावर आणि मग त्याचे दिवस भरले. म्हणून टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आणि नट-फ्लँजवर ओढलेली रंगाची आडवी रेघ. रेघ सरकली म्हणजे नट फिरला, हे खालचा पोऱ्याही सांगू शकतो. बोल्टाच्या डोक्यावर श्रेणी कोरलेली असते. ८.८ च्या जागी बाजारातला ४.६ बसवला तर ताकद निम्मी. डोक्यावर काहीच लिहिलेले नसेल तर तो बोल्ट माणसांच्या पाळण्याला नको. कॅनडातल्या एडमंटनच्या मॉलमध्ये १४ जून १९८६ रोजी कोस्टरच्या शेवटच्या डब्याची चाके निखळून तिघे गेले, तेव्हाही चाकांच्या जोडणीतले बोल्टच जागेवर नव्हते. फिरत्या पाळण्यात बोल्टांपेक्षा पिना जास्त. दरवर्षी वीस-तीस वेळा जोडा-उकला झाली की पिनेचे भोक लंबगोल होते. व्हर्नियरने आडवे-उभे मोजले की लगेच कळते. आणि पिन निसटू नये म्हणून घालायच्या आर-क्लिपच्या जागी वाकवलेला खिळा किंवा बांधलेली तार दिसली तर दुसरे काही पाहायची गरज नाही.

वायर रोप, ब्रेक, दाबदांड्यांचे कुलूप, वीज यांवर इथे लिहीत नाही. त्यांची तपासणी निदान होते. जमीन आणि वाऱ्यावर मात्र एक-दोन शब्द. नदीच्या वाळवंटात किंवा नांगरलेल्या रानात लाकडी ठोकळ्यांवर उभा केलेला आकाशपाळणा पहिल्या पावसानंतर एका बाजूला बसतो आणि मग एका खांबावर जादा ताण येतो. तो तिसऱ्या घाताचा नियम इथे पुन्हा आठवावा. लेव्हल रोज सकाळी आणि पावसानंतर पुन्हा बघितली पाहिजे. चैत्र-वैशाखातल्या जत्रा नेमक्या वळवाच्या दिवसांत येतात. युरोपीय मानकात पाळणे चालवण्याची साधारण वाऱ्याची मर्यादा सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर आहे. वारामापक नसलेला पाळणेवाला ही मर्यादा ओळखणार कशी?

आता मागणी. तुम्ही स्वतः तपासणीचे यंत्र हातात धरावे अशी कोणाचीच अपेक्षा नाही. अपेक्षा एवढीच, की शिक्का मारण्यापूर्वी फाइलीत पाहण्यासारखे काही असावे. आज प्रत्येक जत्रेला नवी फाइल उघडते, जत्रा संपली की बंद होते, आणि पाळणा दुसऱ्या तालुक्यात नव्या नावाने निष्कलंक उभा राहतो. मागच्या गावात तडा सापडला होता की नाही, हे पुढच्या गावाला कळायची सोयच नाही. ब्रिटनमध्ये अडिप्स या योजनेखाली प्रत्येक पाळण्याला स्वतःचा क्रमांक असतो आणि तपासणीचा इतिहास त्या क्रमांकाला चिकटतो. तसा क्रमांक इथे सांगाड्यावर ठोकून कोरावा, मोटारीच्या चासी नंबरासारखा, आणि त्याच्यासोबत नोंदवही फिरावी : कळीच्या भागांची यादी, सांध्यांना क्रमांक दिलेला आराखडा, प्रत्येक सांध्याची शेवटची चाचणी, पद्धत, तंत्रज्ञाचा स्तर, फोटो, दुरुस्त्या. एनडीटीचा, म्हणजे भाग न मोडता केलेल्या अशा चाचण्यांचा, अहवाल प्रमाणपत्राच्या स्तर २ च्या खालच्या माणसाने सही केलेला असेल, किंवा ‘सर्व वेल्ड तपासले, ठीक’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो परत करावा. कोणते वेल्ड, किती, कोणत्या तारखेला, हे नसलेला अहवाल म्हणजे पोती ठेवण्याचेच दुसरे रूप. आयएसओ १७८४२ या मानकाचा तिसरा भाग नेमका तपासणीवर आहे. नवे नियम लिहायचे असतील तर पाया तयार आहे.

मोठ्या पार्कांना वेगळे सांगणे : रोज पहाटे रिकाम्या फेऱ्या मारणे पुरेसे नाही. त्या फेऱ्यांच्या वेळी खाली उभे राहून खांब हलतात का ते पाहणारा माणूस हवा. रंगातून पाझरलेली तांबूस रेघ हे तड्याचे पहिले लक्षण, ते सफाई कामगारालाही शिकवता येते. कॅरोविंड्सने पुन्हा सुरू करताना नियमित तपासणीत ड्रोन आणले, ते आधीही आणता आले असते.

आणि प्रत्येक पाळण्याच्या तिकीट खिडकीवर, जत्रेत असो वा पार्कात, एक दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत असावा. परवाना देणाऱ्या कार्यालयाचा, मालकाचा नव्हे. खालून तडा दिसलेल्या माणसाला तो कोणाला सांगायचा हे माहीत असले पाहिजे, आणि फोन आला की पाळणा आधी थांबवून नंतर चौकशी करण्याचा अधिकार फोन उचलणाऱ्याला लेखी दिलेला असावा. चैत्री यात्रांच्या परवानग्या देण्यापूर्वी एवढे करता येईल.

आपले,
वेल्ड व धातूंच्या तपासणीचे काम करणारे काही अभियंते आणि तंत्रज्ञ